वाघानं बोलायचं नसतं

मी एक जुना कुंचला आहे. सध्या डालड्याच्या एका गंजक्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझे निम्मे केस झडले आहेत आणि उरलेल्यांत पिवळा रंग असा घट्ट बसला आहे, की आता कुणी मला पाण्यात बुडवलं तरी तो सुटायचा नाही.

मित्रांनो, कुंचला म्हटलं की तुम्हाला दुकानातला तो पत्र्याची पट्टी मारलेला ताठ केसांचा ब्रश आठवत असेल. कृपा करून मला त्याच्या पंगतीत बसवू नका. तो दारं-खिडक्या रंगवतो. मी पोरांचे गाल रंगवले आहेत.

आकाराम पेंटर हा माझा मालक. विट्याच्या बाजूला, घाटमाथ्यावरच्या एका गावात तो राहायचा. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची, निवडणूक आली की भिंती रंगवायच्या, एरवी ट्रकच्या पाठीवर फुलं काढायची, अशी त्याची कामं. गावच्या मोहरमात ताबुतापुढे नवसाचे वाघ नाचायचे. मूल आजारातून उठलं, घरचा माणूस संकटातून सुटला, की लोक पिराला बोललेला नवस फेडायला आपल्या पोराला वाघ करायचे. त्यात हिंदूही असत आणि मुसलमानही. या वाघांची तोंडं रंगवायला आकाराम बसू लागला, तेव्हा दुकानातला ब्रश पोरांना टोचायचा आणि ती भोकाड पसरायची. मग तो धनगरांच्या वाड्यावर गेला, करडाच्या कानामागचे मऊ केस मागून आणले आणि मेणाच्या दोऱ्यानं निर्गुडीच्या काडीला बांधले. असा माझा जन्म झाला. आकारामनं मला पहिल्यांदा स्वतःच्या पापणीवरून फिरवलं, तेव्हा तो हसला. मी पास झालो होतो.

पिवडी, म्हणजे पिवळी माती, डिंकाच्या पाण्यात कालवायची, तिनं सगळं तोंड माखायचं, डोळ्यांभोवती खडूचा पांढरा रंग द्यायचा आणि वर काजळीचे पट्टे ओढायचे. माझा स्पर्श होताच काही पोरं डोळे गच्च मिटायची, काही शिंकायची, एकदा एकानं तर मला चावाही घेतला. मग आरशाचा तुकडा समोर धरला की तेच पोर गुरगुरायला लागायचं. म्हातारीकोतारी माणसं माझं काम बघून म्हणायची, "आकाराम, वाघ जित्ता केलास बग!" ते ऐकून आकाराम फुगायचा आणि मीही फुगायचो. फक्त मी फुगलेला कुणाला दिसायचा नाही.

आमच्या गावात या वाघांना एक नेम होता. एकदा तोंडाला रंग लागला, की वाघानं माणसासारखं बोलायचं नाही. नाचायचं, गुरगुरायचं, पण शब्द काढायचा नाही. संध्याकाळी ताबूत पाण्यात बुडवून गार झाले, की पिराची सेवा करणारे बाबालाल मुजावर तांब्याभर पाणी द्यायचे. घरच्या माणसानं ते डोक्यावर ओतून पोराचं नाव घ्यायचं. मगच वाघाचा पुन्हा माणूस व्हायचा.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो. बांगलादेशची लढाई संपून दोनेक महिने झाले होते. त्या साली घाटमाथ्यावर पाऊस झालाच नव्हता, पण मोहरमाला माणूस लोटला होता. आकारामसमोर पोरांची रांग लागली होती. मुजावरांच्या घरून सगळ्यांना हळदीत बुडवलेले एकसारखे सदरे मिळाले होते आणि डोक्याला कान शिवलेल्या पिवळ्या टोप्या. रंग लागला की आई-बापानंसुद्धा दोनदा बघावं, अशी एकेक मूर्ती तयार होत होती.

रांगेत तासगावकडचा एक फौजी होता, हंबीरराव. अंगात खाकी स्वेटर, पायात जड बूट. त्याचा मुलगा बाळासो त्याच्याजवळ जरा अंग चोरूनच उभा होता. नवस त्याच्या बायकोचा होता. 'धनी लढाईतनं धड परत आलं तर बाळूला वाघ करीन' असा. पण तिचा पाय मुरगळलेला. म्हणून बाप स्वतःच पोराला घेऊन आला होता. रंग झाल्यावर हंबीररावानं सुतळीचं शेपूट पोराच्या कमरेला स्वतः बांधलं आणि टोकाला गोंड्याची गाठ मारली. "फौजी गाठ हाय," तो आकारामला म्हणाला, "हत्ती आला तरी सुटायची न्हाई."

मग म्हणाला, "मुजावर, आमाला तांब्यातनं पाणी द्या. घरी न्हेऊन वततो. ह्येच्या आईला वाघ बघायचाय, आन मला उद्याच मिरजंला गाडी धरायची हाय. सुट्टी सपली."

मुजावर हो म्हणाले.

रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता धुळा. सहा-सात वर्षांचा, काटकुळा. त्याची आई बनुबाई धनगराची. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात कृष्णाकाठाला गेलेला, आणि हिच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली धाकटी अंजी. अंजीला महिनाभर ताप होता. तो उतरावा म्हणून बनुबाईनं पिराला धुळाचा वाघ बोलला होता. दोन दिवसांपूर्वीच ताप उतरला होता.

मी धुळाच्या गालाला टेकलो, तेव्हा बनुबाई खाली वाकून त्याच्या कानात म्हणाली, "धुळा, आता त्वांड उघडायचं न्हाई बरं का. कायबी झालं तरी. बोललास, तर अंजीचा ताप माघारी यील."

ती हे रागानं म्हणाली नव्हती. बिचारी भ्यालेली होती. पण मी त्या क्षणी धुळाच्या गालावर होतो, मित्रांनो, आणि तो गाल दगडासारखा घट्ट झालेला मला कळला.

शेपटाची सुतळी उरली होती, पण गोंड्यापुरती नव्हती. गोंड्याशिवाय शेपूट म्हणजे नुसती दोरी! धुळाचे डोळे भरून आले, पण तो काही म्हणाला नाही. आकारामनं इकडेतिकडे पाहिलं आणि मला पुसून सुतळीच्या टोकाला बांधून टाकलं. "ह्यो घे झुपका! माजा लाडका कुंचला हाय. सांजंला माघारी दे." असा मी त्या दिवशी वाघाचं शेपूट झालो.

हलगी कडाडली, ताबूत उठले. पोरं नाचली, गुरगुरली. दुपार कलली तेव्हा एस. टी. स्टँडाजवळच्या लिंबाखाली बनुबाईनं धुळाला उभं केलं आणि अंजीला ताबुताच्या पायावर घालायला ती गर्दीत शिरली. "हितंच थांब, हलू नगंस." आता बघा योग कसा असतो. त्याच लिंबाखाली हंबीरराव आपल्या बाळासोला उभा करून मुजावरांकडे पाणी आणायला गेला होता. पण बाळासो हलगीमागं निघून गेला, आणि लिंबाखाली उरला एकच वाघ.

एस. टी.नं भोंगा दिला. हंबीरराव एका हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेऊन पळत आला, दुसऱ्या हातानं वाघाला उचललं आणि थेट गाडीत चढला.

धुळानं हातपाय झाडले. हंबीररावाच्या मनगटाला ओरखडा काढला. तोंडानं बोलायची बंदी होती, म्हणून तो जिवाच्या आकांतानं गुरगुरला. गाडीतली माणसं खो खो हसली.

"वाघ लय खवळलाय गड्या!"

कंडक्टर म्हणाला, "वाघाला अर्धं तिकीट फाडू का पुरं?"

हंबीररावाची छाती अभिमानानं भरून आली. जसजसा धुळा झगडत होता, तसतसं त्याला वाटत होतं, पोरगं नेम कसा पाळतंय बघा! आणि गाडी तासगावच्या रस्त्याला लागली होती.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. पण कुंचल्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? धुळानं खिडकीतून मागे बोट दाखवलं. हंबीरराव म्हणाला, "व्हय व्हय, पुढल्या साली परत यायचं." धुळानं गाडीचं दार दाखवलं. हंबीररावानं त्याला आतल्या बाजूला घेतलं. मग धुळा रडायला लागला. आवाज नाही, नुसतं पाणी. पिवळा रंग ओघळून फौजी स्वेटरवर सांडू लागला.

हंबीररावाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "बाळू, अजून भितूस व्हय रं मला? दोन वर्सं न्हवतो, म्हून? घरी आलो तवा मला मामा म्हनलास. आता उद्या जानार, तर जरा माज्याकडं बग की रं."

धुळानं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस वाईट नाही, हे त्याला समजलं असावं. पण गाडी लांब लांब जात होती, आई लिंबाखाली येऊन बघत असेल, आणि तोंड उघडलं तर अंजीचं काय होईल? एवढ्याशा जिवानं किती भार पेलायचा! मला त्या पोराची दया येत होती आणि त्या फौजीचीही.

मग धुळानं एक गोष्ट केली. शेपूट पुढं ओढलं, मला मुठीत धरलं आणि हंबीररावाच्या तळहातावर दाबलं.

हंबीररावानं मला पाहिलं. तो आधी हसला, मग थांबला.

"ह्यो पेंटरचा कुंचला..." तो पुटपुटला. "म्या तर गोंडा बांधला हुता." त्यानं मला उलटंपालटं केलं, गाठ चाचपली. साधी गाठ होती, फौजी नव्हती. त्यानं धुळाची टोपी मागे सारली, केस बघितले, कान बघितला.

"आरं देवा! कुनाचा रं तू?"

धुळा गप्प.

"आन माजा बाळू कुटं हाय?"

हंबीरराव उठून ओरडला, "गाडी थांबवा! आवं, थांबवा गाडी!" कंडक्टरनं घंटी ओढली. रस्त्याच्या कडेला दोघं उतरले आणि एस. टी. धुरळा उडवत निघून गेली.

उन्हं कलली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हंबीररावानं धुळाला दंडाला धरून गदागदा हलवलं. "बोल की रं! नाव सांग! कुनाचा हाइस? माजं पोरगं बगितलंस का?" त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. धुळानं ओठ दातांखाली असे दाबले की पिवळ्या रंगावर लाल थेंब आला.

तो थेंब बघून हंबीररावाचे हात सुटले. तो रस्त्यावरच उकिडवा बसला. मग त्यानं हळू विचारलं, "हुकूम हाय व्हय रं तुला?"

धुळानं होकारार्थी मान डोलावली.

"बरं," हंबीरराव म्हणाला, "हुकूम तो हुकूम." आणि त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. धुळाला खांद्यावर घेतलं, तांब्या पिशवीत खोचला आणि जड बुटांनी पळत सुटला. मी धुळाच्या मुठीत होतो. खालून त्या माणसाचा धाप लागलेला श्वास ऐकू येत होता आणि मधूनच तो स्वतःशी म्हणत होता, "बाळू, हलू नगंस. बाळू, आलो."

इकडे गावात काय झालं, ते मला मागाहून आकारामच्या बोलण्यातून कळलं. बनुबाई लिंबाखाली आली, तर धुळा नाही. ती एकेका वाघाला धरून त्याचं तोंड वर करून बघत सुटली. एक वाघ हलगीजवळ एकटाच मुसमुसताना सापडला. तोही बोलेना, आणि तिचाही नव्हता. त्याला तिनं पोटाशी धरलं आणि पुढं शोधत राहिली. आकाराम चार माणसं घेऊन विहिरीत उतरला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, खाकी स्वेटरातला एक माणूस ओरडणाऱ्या वाघाला उचलून गाडीत चढला. झालं! पोरं पळवणारी टोळी आल्याची आवई त्या दिवसांत गावोगावी उठत होती. हा हा म्हणता माणसं काठ्या घेऊन वेशीवर जमली.

आणि त्याच वेशीतून हंबीरराव पळत आत आला, खांद्यावर वाघ घेऊन.

"त्यो बगा! त्योच!"

क्षणात सगळ्यांनी त्याला घेरलं. लालासाहेब नावाचा गावातला तालमीतला गडी सगळ्यात पुढे होता. त्यानं हंबीररावाच्या छातीवर काठी टेकवली. "पोर खाली ठेव."

हंबीररावानं धुळाला अलगद उतरवलं. "आवं, ऐका तरी! चुकून न्हेलं. माजाबी पोरगा हितंच हरवलाय—"

"चुकून! पोर काय पिशवी हाय व्हय, चुकून न्ह्याला?"

"पोरालाच इचारा!" मागून कुणीतरी ओरडलं. लालासाहेब खाली वाकला. "पोरा, भिऊ नगंस. सांग, ह्येनं पळवलं का तुला? एकदा बोल, मंग आमी हाय आन ह्यो हाय."

सगळ्यांची नजर त्या रंग ओघळलेल्या तोंडावर होती. एक 'न्हाई' म्हटलं असतं, तर हंबीरराव सुटला असता. तेवढा एकच शब्द! पण त्या पोराच्या मते त्याच शब्दानं अंजी गेली असती. आणि न बोलावं, तर आपल्याला खांद्यावरून आणणारा माणूस डोळ्यांदेखत मार खाणार. धुळाच्या मुठीत मी होतो. त्या मुठीत घाम फुटला होता आणि माझी काडी आता मोडते की काय, असं मला वाटत होतं.

"बोलत न्हाई म्हंजी भेदरलंय. हाना!" गर्दीतून आवाज आला. काठी वर गेली.

आणि धुळा हंबीररावाच्या पुढ्यात उडी मारून उभा राहिला. पाय फाकवले, दोन्ही हातांचे पंजे केले, आणि जमलेल्या सगळ्या माणसांकडं बघून गुरगुरला. दुपारी हलगीवर गुरगुरला होता, तसं नव्हे. दात दाखवून, मान पुढं काढून, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत गुरगुरला. लालासाहेब एक पाऊल पुढे आला, तसा त्यानं पंजा मारला.

काठी हवेतच राहिली.

लालासाहेब गोंधळला. मग त्याची काठी हळूहळू खाली आली. "पळवणाऱ्याला वाचवाया कुनाचं पोर आडवं येतंय का रं?" तो मागं वळून म्हणाला. "थांबा. कुनी हात लावायचा न्हाई."

एवढ्यात गर्दी फोडून बनुबाई आली. एका खांद्यावर अंजी, दुसऱ्या हाताला बाळासो. बाळासोनं बापाला पाहिलं आणि पळत येऊन त्याच्या पायांना मिठी मारली. त्यानं नेम मोडला की नाही, हे मला ठाऊक नाही, पण 'आप्पा' असं काहीतरी त्याच्या तोंडून आलं खरं. हंबीररावाला तेवढं पुरलं. तो पोराला कवटाळून मटकन खाली बसला.

बनुबाई धुळासमोर बसली. "बोल माज्या वाघा," ती म्हणाली. "बोल रं, तुजी आय हाय मी." धुळानं मान हलवून नाही म्हटलं. पंजे अजून वरच होते. सगळ्यांना वाटलं, पोरगं भेदरून मुकं झालं. बनुबाईचा तोल सुटला, ती ऊर बडवायला लागली.

हंबीरराव उठला. त्यानं पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. घरी नेऊन आपल्या बाळूच्या डोक्यावर ओतायचं पाणी होतं ते. तो बनुबाईला म्हणाला, "बाई, त्येला हुकूम हाय. तुमीच सोडवा त्येला."

बनुबाईला तेव्हा कुठे आठवलं, आपण सकाळी त्याच्या कानात काय सांगितलं होतं. तिनं फिरकी उघडली, पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि नाव घेतलं, "धुळा! माज्या धुळा!"

पिवळं आणि काळं पाणी त्याच्या गालांवरून, सदऱ्यावरून आणि माझ्यावरून वाहत मातीत गेलं. खालून एक लहान, दमलेलं तोंड निघालं. त्यानं पंजे खाली घेतले. आधी कुणाकडंही न बघता आईच्या खांद्यावरच्या घोंगडीत डोकावला आणि विचारलं,

"आये, अंजी जित्ती हाय न्हवं?"

बनुबाईनं अंजीचं कपाळ त्याच्या गालाला लावलं. ते गार होतं. मग मात्र धुळा असा हमसून हमसून रडला, की काठ्या घेऊन आलेल्या गड्यांनीही तोंडं फिरवली. दिवसभराचं सगळं रडणं त्यानं साठवून ठेवलं होतं.

पुढं मी पुष्कळ वर्षं काम केलं. वाघ केले, शाळेच्या संमेलनात अस्वलं आणि माकडंही केली. मग दुकानातून रबरी मुखवटे आले, आकारामची नजर मंदावली, आणि मी या डब्यात आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गावात वाघ अजूनही गप्प असतात म्हणे. पण रंग लावण्याआधी मुजावर प्रत्येक पोराला जवळ बसवून सांगतात, की हरवलास, लागलं, भ्यालास, तर खुशाल बोल, पीर रागावत नाही.

मित्रांनो, माझ्या जागी दुसरा कुंचला असता, तर त्यानं शेवटी काम झाल्यावर धुऊन ठेवण्याची विनंती केली असती. तीही खोटी नाही. पण माझं मागणं तुमच्या घरच्या मोठ्या माणसांकडे आहे. मूल आपलं ऐकतं, म्हणूनच त्याला गप्प राहायला सांगताना बोलायचं कधी, तेही त्याच दमात सांगत जा. आणि बाळांनो, कुणी सांगायला विसरलंच, तर हे माझ्याकडून ऐका. तुमच्या बोलण्यानं कुणाचाही ताप माघारी येत नसतो.